नेपथ्यसाहाय्य

बुधवारी मंडळाच्या खटावकर बाईंचा फोन:
नाटक येतंय पुण्याहून, माणसं नऊ, बॅगा अकरा,
सेट काही विमानात मावत नाही.
तुमचा तो तीनजणी सोफा द्याल का,
एका संध्याकाळपुरता?
न्या, म्हटलं.
तसाही सध्या त्यावर एकच जण बसतो.

शनिवारी गुलजमान पिकअप घेऊन आला.
स्वातचा माणूस, प्रत्येक गाठीला बिस्मिल्ला.
कुसैसपासून ऊद मेथापर्यंत
सोफा मागे उन्हात उघडा
आणि मी पुढे, आरशातून त्याच्याकडे बघत,
आजारी माणसाला न्यावं तसा.

मला पास मिळाला. ओळ क, खुर्ची चौदा.
बाहेर पार्किंगवरून भांडणं,
आत ऊद, करामाहून आणलेले गजरे, नेसून सवय मोडलेल्या पैठण्या,
मोबाइल बंद ठेवण्याची तीनदा विनंती
आणि तिन्ही वेळा कुठेतरी वाजलेला मोबाइल.
तिसरी घंटा.
शाळेच्या सभागृहाला पडदा नव्हता.
अंधार झाला, मग उजेड झाला,
एवढंच.

आणि तो होता. मधोमध.
अंगावर कुणाची तरी चॉकलेटी चादर, तरी मी ओळखला.
पात्रं यायच्या आधीच सेटला टाळ्या पडल्या.
मला उगाच उठून नमस्कार करावासा वाटला.

नाटक साधं होतं.
नवरा, बायको, एक भाऊ, एक विकायचं घर.
लोक हसले तिथे मीही हसलो, जरा उशिरा.
तो उंच नट सोफ्याच्या हातावर टेकला तेव्हा
ओरडणारच होतो:
अहो, तिथे नको, तो सैल आहे!

मध्यंतरात वडे संपले होते, चहा होता.
पटवर्धनांनी विचारलं, वहिनी नाही आल्या?
म्हटलं, मुलीची दहावी आहे.
दहावी होऊन दोन वर्षं झाली.
पाठांतर माझंही पक्कं आहे.

दुसऱ्या अंकात
ती डावीकडच्या टोकाला बसली, पाय वर घेऊन.
हेमांगी बसायची, तिथेच.
बोलता बोलता तिच्या हाताखालची चादर सरकली.
ती थांबली. खाली बघत राहिली.
मग म्हणाली, हा डाग अजून गेला नाही रे?

हे वाक्य नाटकात नसणार.
त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.
मला ठाऊक होता तो डाग,
सुलेमानी चहाचा, चार वर्षांचा:
ती म्हणाली होती, मी जाते,
आणि मी म्हणालो होतो, आधी चहा घे.

नट सावरला. म्हणाला,
नाही गं. लिंबूसुद्धा लावून पाहिलं.
सभागृह खदखदून हसलं. कुणी शिट्टी मारली.
ओळ क मध्ये, खुर्ची चौदावर,
मी लिंबूही लावलं नव्हतं.

नंतर विंगेत ती कापसाने रंग पुसत होती.
अर्धा चेहरा तिचा, अर्धा अजून त्या बाईचा.
सोफा तुमचा का? छान आहे हो.
डावीकडे जरा दबलाय, कोण बसतं तिथे?
मी म्हणालो, मुलीची दहावी आहे.
ती काही बोलली नाही.
कापूस तेवढा थांबला तिचा.

लिफ्टमध्ये तो मावत नाही हे मी विसरलोच होतो.
गुलजमान, नेपाळी वॉचमन आणि मी,
तीन मजले, प्रत्येक वळणावर भिंतीला एक ओरखडा.
घाईत तो उलटा ठेवला गेला,
टीव्हीकडे पाठ, खिडकीकडे तोंड.
समोरच्या इमारतीत ओळीने दिवे,
काही खुर्च्या रिकाम्या.
दिवा मालवला तर एका पायाला
चकाकणारी हिरवी पट्टी दिसली,
अंधारात जागा चुकू नये म्हणून त्यांनी लावलेली.
ती मी काढली नाही.

साताऱ्यात अडीच वाजले असतील.
फोनची वेळ नव्हे.
स्वयंपाकघरात गेलो, फ्रिज उघडला,
आणि लिंबू शोधत
बराच वेळ तसाच उभा राहिलो,
आतला दिवा तेवढा माझ्यावर.